भट्टीत पोलादाचे पदर एकजीव कसे करायचे

धातू जोडायचा म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते वितळलेलं काहीतरी, वेल्डिंगचा रॉड नाहीतर डाख. पण धातूचे दोन तुकडे अजिबात न वितळवता, मध्ये काहीही न ओतता, नुसते तापवून आणि दाबून एक करता येतात, आणि काम नीट झालं असेल तर जोड कुठे होता हे नंतर भिंग लावूनही सापडत नाही. लोहार हे हजारो वर्षं करत आलेत. दिल्लीचा लोहस्तंभ, सोळाशे वर्षांपूर्वीचा, सहा टनांपेक्षा जास्त वजनाचा, तो लोखंडाचे गोळे तापवून एकावर एक ठोकून असाच जोडत नेलेला आहे.

मी हे शिकायला लागलो तेव्हा सगळा जोर दोनच गोष्टींवर होता, अजून तापवू आणि अजून ठोकू. बरीच बिलेटं (जोडायला एकावर एक रचलेल्या पट्ट्यांचे गठ्ठे) वाया गेल्यावर डोक्यात शिरलं की जोड लागणार की नाही ह्याचा निकाल ऐरणीवर जायच्या आधीच, हातात कानस आणि पॉलिश पेपर असतानाच लागलेला असतो. म्हणून खाली साफसफाईवर फार लिहिलंय, कंटाळा आला तरी ते वाचा, हातोड्याचा भाग त्यामानाने सोपा आहे.

आधी शिशाचा प्रयोग

भट्टी पेटवायच्या आधी हे करून बघाच, दहा मिनिटं लागतात. मासे पकडायच्या गळाला लावतात तसल्या शिशाच्या दोन गोळ्या घ्या, धारदार ब्लेडनं दोन्हींची एकेक चकती उडवा म्हणजे आतला चकचकीत सपाट भाग दिसेल, आणि त्याला बोट न लावता लगेच, म्हणजे अगदी त्याच क्षणी, ती दोन तोंडं एकमेकांवर ठेवून अंगठ्यांनी जोरात दाबा आणि दाबता दाबता थोडं पिळा. चिकटतात. ओढून सोडवायला चांगलाच जोर लागतो. १७२४ च्या सुमाराला जॉन डेसाग्युलिएर्स ह्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाच प्रयोग मांडला होता, म्हणजे गोष्ट तीनशे वर्षं माहितीतली आहे. आता अजून दोन गोळ्या कापा, पण ह्या वेळी कापलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवा आणि मग तितक्याच जोरानं दाबा. धड चिकटत नाहीत. बोटाचं तेल लागलं, तेवढ्यानं खेळ संपला. (शिसं विषारी आहे, नंतर हात साबणानं धुवा, आणि लहान मुलांच्या हातात देऊ नका.)

ह्या प्रयोगात तापवणं आलंच नाही, दाब फक्त अंगठ्याचा, तरी जोड लागला. का लागला हे कळलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

धातूत अणूंना धरून ठेवणारे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतात, सगळ्यांचे मिळून असतात. त्यामुळे एकाच धातूची दोन खरोखर स्वच्छ तोंडं अणूच्या अंतरावर आली, म्हणजे साधारण पाव नॅनोमीटर, की हा अणू इकडचा आणि तो तिकडचा असा भेद उरतच नाही, दोन्ही बाजू एकमेकांना तशाच धरतात जशा आधी आपापल्या आत धरून होत्या. जोडायला म्हणून वेगळं काही करावं लागत नाही. मग टेबलावर ठेवलेल्या दोन पट्ट्या आपण होऊन का चिकटत नाहीत? दोन कारणं आहेत.

एक, डोळ्याला सपाट वाटणारा सरफेस सपाट नसतो. चांगल्या बारीक पेपरनं घासलेल्या पट्टीवरसुद्धा एक मायक्रॉनच्या आसपास उंचीच्या टेकड्या असतात, आणि एक मायक्रॉन म्हणजे एकावर एक चार हजार अणू. अशा दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की फक्त टेकड्यांची टोकं टेकतात, बाकी सगळी फट. दोन, जवळपास प्रत्येक धातूवर ऑक्साईडची कातडी असते आणि तिच्यावर तेल, ओल, धूळ. धातूला धातू भेटतच नाही, कातडीला कातडी भेटते.

ही कातडी नसेल तर काय होतं ते स्टेनलेसचे नटबोल्ट वापरणाऱ्यांना चांगलं माहीत असतं. आवळता आवळता आट्यांवरची कातडी खरवडली जाते, आतला उघडा धातू दाबाखाली समोरासमोर येतो आणि नट असा बसतो की शेवटी बोल्ट कापावा लागतो. गुरू ग्रहाकडे निघालेल्या गॅलिलिओ यानाचा मोठा अँटेना १९९१ साली छत्रीसारखा उघडायचा होता, तो पूर्ण उघडलाच नाही, आणि तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष असा होता की वंगण झिजून गेल्यामुळे काड्यांच्या पिना जागच्या जागी धरून बसल्या. अवकाशात खरवडलेल्या धातूवर कातडी परत चढवायला हवाच नाही.

तर आपल्याला करायचंय ते एवढंच, टेकड्या चेपायच्या आणि कातडी मधून काढायची. तापवल्यानं पोलाद मऊ पडतं, १२०० डिग्रीला त्याला दाबायला थंड असतानाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जोर पुरतो, म्हणून टेकड्या झटकन चेपल्या जातात. आणि दुसरं म्हणजे अणू जागा बदलायला लागतात. लोखंडाचे अणू ९०० डिग्रीला जेवढ्या वेगानं सरकतात त्याच्या शेकडो पट वेगानं १२०० ला सरकतात, त्यामुळे चेपल्यावरही ज्या बारीक फटी उरल्या असतील त्या भरत जातात आणि स्फटिकांचे कण जुनी रेघ ओलांडून वाढतात. टेम्परेचर, दाब, वेळ ह्यातलं एक कमी असेल तर दुसऱ्यानं भरून काढता येतं, हे लक्षात ठेवा. साफसफाईची उणीव मात्र ह्यातलं कुणीच भरून काढत नाही.

कुठलं पोलाद घ्यायचं

शिकण्यासाठी सगळ्यात सोपं म्हणजे साध्या माइल्ड स्टीलची एक पट्टी दुमडून तिचीच तिला जोडणं. हे दोन-चार वेळा जमलं की मग पदरांचं बिलेट करा, त्यासाठी १०८४ आणि १५एन२० ह्या नंबरांच्या पोलादांची जोडी मी सुचवेन. १०८४ मध्ये कार्बन साधारण ०.८४ टक्के, १५एन२० मध्ये ०.७५ च्या आसपास आणि वर २ टक्के निकेल. दोघं जवळपास एकाच टेम्परेचरला जोड घेतात, एकाच टेम्परेचरला पाणी घेतात (म्हणजे तापवून बुडवल्यावर कडक होतात), आणि शेवटी ॲसिडमध्ये टाकल्यावर एक काळं पडतं आणि दुसरं चमकत राहतं, त्यामुळे जोड कसा झालाय हे डोळ्यानं दिसतं. शिकणाऱ्याला ह्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची होत नाही.

स्टेनलेसच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्याच्यावरची कातडी क्रोमियमच्या ऑक्साईडची असते आणि ती आपल्या नेहमीच्या टाकणखाराला, म्हणजे खपली विरघळवायला टाकतात त्या बोरॅक्सला, दाद देत नाही. गॅल्व्हनाइज्ड काहीही भट्टीत टाकू नका, म्हणजे कधीच नाही. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं, त्याचा पांढरा धूर छातीत गेला की त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि बंदिस्त जागेत जास्त गेला तर प्रकरण गंभीर होतं. कुठून तरी मिळालेला, कशाचा आहे ते माहीत नसलेला तुकडाही नको, कारण जोड लागला नाही तर चूक तुमची होती की पोलादाची हे कधीच कळणार नाही.

घासणं आणि चवड बांधणं

माझ्या पद्धतीत चार पट्ट्या १०८४ च्या, ३ मिलिमीटर जाड, आणि तीन पट्ट्या १५एन२० च्या, दीड मिलिमीटर जाड, सगळ्या २५ रुंद आणि १०० लांब. एकाआड एक रचल्या की साधारण साडेसोळा मिलिमीटर जाडीची चवड होते, आणि वर-खाली दोन्हीकडे १०८४ येतं. सात पदर म्हणजे सहा जोड, सहाही एकाच वेळी लागायचेत.

प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजू आधी ग्राइंडरवर घ्या, कारखान्यातून आलेली ती निळसर-काळी खपली पूर्ण गेली पाहिजे, कोपऱ्यातली सुद्धा, आणि सगळं सारखं राखाडी-चकचकीत दिसलं पाहिजे. त्यानंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट काचेवर नाहीतर फरशीवर ठेवून पट्टी त्याच्यावर घासा. आरशासारखं करायची गरज नाही, बारीक रेघा राहिल्या तर उलट वितळलेल्या फ्लक्सला (म्हणजे टाकणखाराला) बाहेर पडायला वाट मिळते. सपाटपणाला मात्र महत्त्व आहे. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून उजेडासमोर धरा, मधून प्रकाश दिसला तर परत घासा. मध्यभागी खोलगट असलेली पट्टी सगळ्यात वाईट, कारण कडा आधी जुळतात आणि आतला मळ आतच कोंडला जातो. चुकायचंच असेल तर मध्ये किंचित फुगीर असू दे, म्हणजे आधी मधला भाग चिकटेल आणि घाण कडांकडे ढकलली जाईल. दुमडून जोडताना किंवा दोन टोकं जोडताना लोहार मुद्दाम तोंडं फुगीर ठेवतात ते ह्याचसाठी.

घासून झालं की ॲसिटोननं पुसा, स्वच्छ कापड घ्या, आणि मग पट्ट्या फक्त कडांना धरा. शिशाच्या गोळीवर फिरवलेलं बोट आठवा.

आणि लगेच बांधा. माझं एक बिलेट असं गेलं की संध्याकाळी पट्ट्या घासून ठेवल्या, पावसाळी हवा होती, सकाळी आल्यावर नजरेला काही दिसलं नाही म्हणून तशाच बांधल्या. बाहेरून सुरेख जोड लागलेला दिसत होता, कडा एकसंध, आवाज चांगला. करवतीनं मधोमध कापलं तर आत एक पदर सरळ सुटा, वहीचं पान उलटावं तसा नखानं उचलता येत होता, आणि त्याच्या खाली तपकिरी-काळी पूड. तेव्हापासून घासणं, पुसणं, चवड बांधणं आणि भट्टी हे एकाच बैठकीत करतो, मध्ये थांबत नाही.

चवड शिकंज्यात गच्च आवळा आणि आवळलेली असतानाच दोन्ही टोकांना आणि दोन्ही कडांना वेल्डिंगचे टाके मारा. जमत असेल तर चारही कडा पूर्ण वेल्ड करून टाका, मग हवा आत जायला जागाच उरत नाही आणि फ्लक्सशिवायही काम होतं. कडांचं हे वेल्डिंग नंतर ग्राइंडरनं काढून टाकायचं असतं हे विसरू नका, ते साध्या रॉडचं मटेरियल आहे, बिलेटपासून जे पातं बनवाल त्यात नको. शेवटी एका टोकाला १२ मिलिमीटरची सळई दांडा म्हणून वेल्ड करा, सांडशीनं चवड धरून वेल्डिंग हीटला, म्हणजे जोड लागण्याइतक्या तापाला, ठोकणं नवख्याला जमत नाही, पदर सरकतात.

ताप आणि टाकणखार

भट्टी गॅसची असो नाहीतर कोळशाची, तिच्या आगीत मोकळा ऑक्सिजन उरता कामा नये. गॅस थोडा जास्त ठेवा, भट्टीच्या तोंडातून मऊशी ज्योत बाहेर लवलवत राहिली पाहिजे. कोळशात बिलेट निखाऱ्यांच्या मधोमध ठेवा, भात्याच्या तोंडासमोर कधीच नको, तिथे ताजी हवा थेट पोलादावर येते. अशी आग कार्बन मोनॉक्साईड सोडते आणि त्याला वास नसतो, म्हणून हे काम उघड्यावर किंवा समोरासमोरची दारं सताड उघडी ठेवूनच करा.

बिलेट आधी लाल होऊ द्या, चुंबक धरायचं थांबेल एवढं, म्हणजे ७७० डिग्रीच्या आसपास. बाहेर काढा, तारेच्या ब्रशनं झटपट झाडा आणि टाकणखार भुरभुरा. बाजारात मिळणाऱ्या टाकणखाराच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं, त्यामुळे तो पोलादावर पडल्या पडल्या फुगतो, उडतो, आणि मग वितळून काचेसारखा पसरतो. आधी कढईत तापवून, पाणी घालवून, थंड झाल्यावर कुटून ठेवलात तर कमी उडतो, मी तसाच वापरतो, आणि ती कढई नंतर खाण्याच्या कामाला घेत नाही. पाणी गेलेला टाकणखार ७४३ डिग्रीला वितळतो. त्याचं काम दोन प्रकारचं, पोलादावर पातळ झाकण घालून हवा अडवायची आणि जी खपली झालीच असेल ती स्वतःत विरघळवून घ्यायची. नुसती खपली वितळायला १३७० डिग्रीच्या आसपास जावं लागतं, तिथे आपलं कार्बनवालं पोलाद जळायच्या टोकाला आलेलं असतं, पण टाकणखारात ती त्याच्या खूप खाली पातळ होते आणि दाबल्यावर पाण्यासारखी फटीतून बाहेर पळते. जुने लोहार रेती टाकायचे त्यामागेही हेच, रेती आणि खपली मिळून १२०० च्या आसपास वितळणारी काच तयार होते, फक्त ते जास्त तापवता येणाऱ्या घडीव लोखंडाला चालतं, आपल्या बिलेटला टाकणखारच बरा.

एक गोष्ट मात्र नक्की समजून घ्या, टाकणखार हा घासण्याला पर्याय नाही. त्याला बारीक, ताजी खपली खाता येते, कारखान्यातली जाड खपली आणि गंज नाही. आणि तो भट्टीच्या विटा आणि आतलं लोकरीसारखं अस्तरही खातो, म्हणून तळाशी एक जास्तीची वीट बदलता येईल अशी ठेवा.

आता परत आत ठेवा आणि घाई करू नका. बहुतेक जोड इथे फसतात. बाहेरचा पदर पिवळा दिसतो आणि माणूस बिलेट बाहेर काढतो, आत अजून नारिंगीच असतं. बिलेट फिरवत राहा, वर-खाली, डावं-उजवं. भट्टीच्या आतल्या भिंतीचा रंग आणि बिलेटचा रंग इतका एकसारखा झाला पाहिजे की बिलेट भिंतीत हरवल्यासारखं वाटेल, आणि तसं झाल्यावर अजून तीन-चार मिनिटं तसंच राहू द्या. ह्या पोलादांना १२०० च्या आसपास पुरतं. रंग म्हणाल तर नारिंगीच्या पलीकडचा चांगला उजळ पिवळा, पण रंग उन्हात फसवतो, सावलीत काम करा, आणि डोळ्यांना हलक्या शेडचा वेल्डिंगचा चष्मा ठेवा.

रंगापेक्षा मी सरफेसकडे जास्त बघतो. सुरुवातीला टाकणखार घट्ट, चिकट, जागच्या जागी बुडबुडणारा असतो. ताप चढत गेला की तो पातळ होतो, वाहायला लागतो, बुडबुडे बारीक आणि चपळ होतात, आणि एक वेळ अशी येते की पूर्ण बिलेट आत्ताच पाणी मारलेल्या फरशीसारखं ओलं चकाकतं आणि त्या ओलेपणाखाली काहीतरी सतत सळसळत असल्यासारखं दिसतं. हीच ती वेळ. खात्री करायची असेल तर बारीक तारेनं बिलेटला हलकेच टोचा, तार थोडी चिकटल्यासारखी वाटली की तयार आहे. चांदण्यांसारख्या ठिणग्या बिलेटमधूनच उडायला लागल्या तर पुढे गेलात, पोलाद जळतंय, आणि जळलेलं पोलाद परत नीट होत नाही, तो भाग कापून टाकावा लागतो. कार्बन जेवढा जास्त तेवढी ही हद्द खाली.

हातोडा

बाहेर काढल्यावर हातात फार तर चार-पाच सेकंद आहेत, म्हणून हातोडा कुठे आहे, पाय कुठे आहे, हे आधीच ठरवलेलं असू द्या. ऐरण थंडगार असेल तर ती खालच्या पदराचा ताप ओढून घेते, म्हणून एखादा तापवलेला लोखंडी ठोकळा आधी तिच्यावर ठेवून ती गरम करून घ्या, आणि बिलेट ऐरणीवर टेकवायचं ते पहिला घाव उतरतानाच.

घाव हलके. किलो-सव्वा किलोचा हातोडा, भराभर, एकमेकाला लागून, दांड्याच्या बाजूनं सुरू करून टोकाकडे जात, म्हणजे वितळलेला फ्लक्स एका दिशेनं बाहेर निघतो. इथे पोलादाचा आकार बदलायचा नाहीये, फक्त टेकड्या चेपून तोंडाला तोंड भेटवायचंय, आणि ह्या टेम्परेचरला त्याला फार थोडा जोर लागतो. पहिल्याच तापाला जोरात मारलं तर अर्धवट लागलेले पदर एकमेकांवरून घसरतात आणि नुकताच धरलेला जोड परत फाटतो. नीट लागत असेल तर आवाजातही कळतं, सुरुवातीचे घाव सैल, पोकळ वाटतात आणि मग अचानक आवाज भरीव होतो, हाताला एकच ठोकळा ठोकतोय असं जाणवतं.

पहिल्या घावाला वितळलेला टाकणखार कडांमधून पिचकारीसारखा उडतो, दोन-तीन मीटर सहज जातो आणि कातडीला चिकटतो. चामड्याचा एप्रन, जाड सुती कपडे, बूट झाकलेले, तोंडावर शील्ड. नायलॉन-पॉलिस्टर अंगावर नको. आसपास कुणी बघायला उभं असेल तर लांब करा.

हायड्रॉलिक प्रेस असेल तर उत्तमच, दाब सगळ्या रुंदीवर एकदम येतो आणि काही क्षण टिकतो, हातोड्याच्या घावासारखा लगेच निघून जात नाही. फक्त हलकं, थोडं थोडं दाबा, प्रेसच्या थंड डायमध्ये (दाबणाऱ्या ठोकळ्यांत) बिलेट जास्त वेळ अडकवून ठेवू नका.

मग लगेच ब्रश, परत थोडा टाकणखार, परत आत, परत तोच ताप, परत ठोकणं, ह्या वेळी थोडं जोरात. मी कमीत कमी तीन वेल्डिंग हीट घेतो. पहिला ताप जोड धरतो, पुढचे दोन तो पक्का करतात, कारण अणूंना जुनी रेघ पुसायला वेळ हवा असतो आणि तो असाच तुकड्या-तुकड्यानं मिळतो. तिन्ही होईपर्यंत बिलेट कडेवर उभं करून ठोकू नका, पदर सुटतात.

ह्या काही मिनिटांत आत जे होतं ते मला फार आवडतं. कार्बनचा अणू लहान, लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटींतून सरकतो, त्यामुळे १२०० डिग्रीला तो एका मिनिटात मिलिमीटरचा दहावा हिस्सा वगैरे चालून जातो, म्हणजे पदर ठोकून पातळ होत गेले की सगळ्यांत कार्बन सारखा होत जातो. निकेलचा अणू मोठा, त्याला शेजारची जागा रिकामी होण्याची वाट बघावी लागते, तो तेवढ्याच वेळात एक मायक्रॉनही जात नाही. म्हणून पदर एकजीव झाले तरी पदरांची काळी-पांढरी नक्षी टिकून राहते. ती दिसते ती निकेल जागेवर राहिल्यामुळे, कार्बनचा फरक तोपर्यंत बराचसा मिटलेला असतो.

लागलाय की नाही

वेल्डिंग हीटनंतर बिलेट हातात धरून ते पिवळ्यावरून लालवर येताना बघा, अंधाऱ्या जागी. जोड लागलेला असेल तर सगळीकडून सारखं निवत जातं. एखादा पदर सुटा असेल तर खालचा ताप त्याच्यापर्यंत पोचत नाही, तो आधी काळवंडतो, आणि त्या जागी सावली पडल्यासारखा डाग किंवा कडेला काळी रेघ दिसते. ती दिसली तर तिथे टाकणखार घालून परत एकदा पूर्ण ताप देऊन बघा, बारीक असेल तर लागतो. दोन प्रयत्नांत नाही लागला तर आत खपली बसलीय, आणि ठोकून ती जात नाही.

बिलेट पाण्यात बुडवायचं नाही, १०८४ कडक होऊन तडकतं. एवढ्या तापानं पोलादाचे कण मोठे झालेले असतात, म्हणून चुंबक सोडेल त्याच्या थोडं वरपर्यंत तापवून हवेत काळं होईपर्यंत निवू देणं असं तीनदा करा, दर वेळी ताप आधीपेक्षा थोडा कमी. मग लाल असतानाच कोरड्या राखेत पुरून रात्रभर ठेवा, म्हणजे करवत चालेल.

दोन्ही टोकं साधारण एक सेंटिमीटर कापून टाका, तिथे ताप कधीच धड नसतो. कापलेलं तोंड ४०० च्या पेपरपर्यंत घासा आणि पातळ केलेल्या फेरिक क्लोराईडमध्ये दहा मिनिटं ठेवा, एक भाग द्रावण आणि तीन-चार भाग पाणी. हातमोजे घाला, नंतर खायचा सोडा टाकलेल्या पाण्यात धुवा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सीमा स्वच्छ दिसायला पाहिजेत. सीमेवर बारीक काळे ठिपके ओळीनं दिसले तर ती अडकलेली खपली, घासताना चूक झालीय. सलग काळी केसासारखी रेघ दिसली आणि सुईचं टोक तिच्यात अडकलं तर तिथे जोडच नाही, ताप कमी पडला. सीमेच्या बाजूला धूसर पांढरट पट्टा असेल तर आगीत ऑक्सिजन जास्त होता आणि कार्बन जळून गेला. दुसरा तुकडा शिकंज्यात धरून हातोड्यानं वाकवा, वाकून तुटला आणि तुटलेली जागा पदर ओलांडून गेली तर जोड पोलादाइतकाच मजबूत आहे, पदराच्या बाजूनं फाटला तर नाही.

हातोडा न लावता हेच करायचं असेल तर दाब कमी आणि वेळ जास्त. १९५३ साली सोव्हिएत युनियनमध्ये काझाकोव्ह ह्यांनी निर्वात भट्टीत तुकडे नुसते दाबून धरून जोडायची पद्धत बसवली, ती आज सगळीकडे वापरतात. केल्विनमध्ये मोजलेल्या वितळबिंदूच्या अर्ध्यापासून आठ-दशांशापर्यंत तापवायचं आणि तासभर किंवा जास्त धरायचं. टायटॅनियम ह्यात सगळ्यात गुणी, कारण तापवल्यावर ते स्वतःची ऑक्साईडची कातडी स्वतःतच विरघळवून टाकतं, ९०० ते ९५० डिग्रीला अगदी थोड्या दाबात एकजीव होतं, आणि विमानाच्या इंजिनातली पोकळ पंख्याची पाती अशीच बनवतात. ॲल्युमिनियम ह्याच्या अगदी उलट, धातू ६६० ला वितळतो आणि त्याची कातडी २००० च्याही वर, त्यामुळे ती ना वितळते ना विरघळते, ती दाबून फाडावीच लागते. तांबं आणि पितळ एकत्र तापवत असाल तर फार वेळ ठेवू नका, जस्त तांब्याकडे वेगानं जातं आणि तांबं तेवढ्या वेगानं परत येत नाही, मागे बारीक भोकं राहतात. अर्नेस्ट कर्केंडल ह्यांनी १९४७ मध्ये हे पितळ आणि तांब्यावरच दाखवलं होतं.

कापलेली टोकं फेकू नका. प्रत्येकावर तारीख, किती ताप दिले आणि घासल्यावर किती वेळानं भट्टीत गेलं हे पंचनं किंवा खोदून लिहा, सुतळीत ओवून भट्टीशेजारी टांगून ठेवा. माझ्याकडे अशी माळ आहे, आणि एखादं बिलेट बिघडलं की मी आधी ती हातात घेऊन काळे ठिपके असलेले तुकडे वेगळे करतो आणि त्यांच्यावरची ती शेवटची वेळ वाचतो.